हार्मोनियम ते वर्कस्टेशन सिंथेसायझर : वसई-विरार परिसराच्या संदर्भात कळवाद्यांच्या ध्वनिगुणाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

वर्कस्टेशन सिंथेसायझर या वाद्याविषयी आजवर जे लिहिले गेले, ते बहुतांशी विक्रेत्याच्या माहितीपत्रकाच्या भाषेत लिहिले गेले. किती ध्वनी, किती कळा, किती स्मृती, किती परिणामयोजना, अशी आकड्यांची जंत्री त्यात असते आणि आकडा जितका मोठा तितके वाद्य श्रेष्ठ असे गृहीत धरलेले असते. संगीतशास्त्राच्या परंपरेत मात्र नादाची परीक्षा तीन लक्षणांनी होत आली आहे : नादाचा लहानमोठेपणा, त्याची उंचनीचता आणि त्याची जाती. कोणत्याही नव्या वाद्याचा ध्वनिगुण तपासताना ही तीन लक्षणे आजही पुरेशी आहेत. प्रस्तुत लेखात वर्कस्टेशनकडे याच दृष्टीने पाहिले आहे. त्यासाठी वसई-विरार हा परिसर निवडण्याचे कारण असे की, येथे चर्चमधील समूहगान, लग्नाच्या मिरवणुकीतील ब्रास बँड, भजनी मंडळाची पेटी आणि नवरात्रातील ऑर्केस्ट्रा या चारही परंपरा काही मैलांच्या अंतरात नांदतात. एकच यंत्र या चौघांच्या दारी गेले, परंतु चौघांनाही त्याने सारखेच दिले नाही. ते तसे का घडले, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

पेटीचा जुना वाद

वर्कस्टेशनविषयी आज घेतले जाणारे बहुतेक आक्षेप शंभर वर्षांपूर्वी हार्मोनियमविषयी घेऊन झाले आहेत. पॅरिसमध्ये अलेक्सांद्र देबॅं याने १८४०च्या सुमारास सिद्ध केलेले हे वाद्य मिशनरी आणि युरोपीय कुटुंबे यांच्याबरोबर भारतात आले. १८८०च्या दशकात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी पायाऐवजी हाताने भाता चालविण्याची सोय करून ते जमिनीवर बसणाऱ्या वादकाच्या सोयीचे केले. महाराष्ट्रात त्याला संगीत रंगभूमीचा आश्रय मिळाला. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकाने पेटीला साथीच्या पलीकडची प्रतिष्ठा दिली, तर गंधर्व नाटक मंडळीच्या काळात ऑर्गनचा भरदार स्वर हाच नाट्यसंगीताचा स्वर होऊन बसला. हे सारे होत असताना अभ्यासकांचा आक्षेप कायम होता, तो असा की पेटीचे सूर समविभागी स्वरमेळातले आहेत आणि दोन कळांच्या मधली जागा तिच्यात नाही.

या आक्षेपाला उत्तर देण्याचा पहिला गंभीर प्रयत्न महाराष्ट्रातच झाला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१०च्या सुमारास बावीस श्रुतींची गणिते मांडली आणि सनदी सेवेतील न्यायाधीश ई. क्लेमंट्स यांनी त्यांच्या साहाय्याने श्रुतिपेटी करवून घेतली. १९१६ साली बडोदे येथे भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत श्रुतींच्या या मांडणीवर वाद झाला. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांना ती मान्य झाली नाही. पुढे १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती सैल व्हावयास १९७१ साल उजाडले. तीन दशके नभोवाणीवर निषिद्ध असलेले हे वाद्य त्याच तीन दशकांत घराघरांत, देवळांत आणि भजनी मंडळांत पक्के रुजले, ही गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवण्यासारखी आहे. शास्त्रीय आक्षेप बरोबर असणे आणि वाद्य लोकप्रिय होणे यांत विरोध असतोच असे नाही.

आक्षेप नेमका किती मोठा आहे, हे आकड्यांत सांगता येते. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर समविभागी स्वरमेळात शुद्ध गांधार ४०० सेंटवर येतो. तंबोऱ्याच्या तारेतून स्वयंभू ऐकू येणारा गांधार मात्र सुमारे ३८६ सेंटवर असतो. म्हणजे पेटीचा गांधार १४ सेंट चढा आहे. धैवतात हा फरक १६ सेंटचा, तर पंचमात अवघा २ सेंटचा आहे. म्हणूनच पेटीवर षड्ज-पंचम धरला की कान समाधानी असतो आणि गांधार लांबविला की तंबोऱ्याशी त्याचे भांडण सुरू होते.

मुंबईतील विद्युत्ध्वनी

चित्रपटसंगीताची राजधानी असलेल्या मुंबईत सिंथेसायझर आला तो वर्कस्टेशनच्या बराच आधी. १९७०च्या दशकात केरसी लॉर्ड यांनी मिनीमूग हे वाद्य हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात आणले. अकॉर्डियन, तालवाद्ये आणि संयोजन या तिन्हींत निष्णात असलेल्या या वादकाच्या हाती ते प्रामुख्याने नव्या, पूर्वी न ऐकलेल्या नादाचे साधन होते. मिनीमूग एका वेळी एकच स्वर वाजवी, तो स्वर विद्युत्मंडलातून जागच्या जागी जन्माला येई आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाण्याची सोय त्यात होती. भारतीय वादकाच्या दृष्टीने ही शेवटची सोय सर्वांत मोलाची होती, कारण मींड म्हणजे हीच क्रिया.

तिचा सर्वांत धाडसी वापर १९८२ साली चरणजीत सिंग यांनी केला. चित्रपटांच्या वाद्यवृंदातील या वादकाने रोलँड कंपनीची तीन यंत्रे, ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८, एकत्र जोडून 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही ध्वनिमुद्रिका केली. एचएमव्हीने ती काढली, पण तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. २०१० साली ती परदेशात पुन्हा प्रसिद्ध झाली तेव्हा पुढे शिकागोत उदयाला आलेल्या ॲसिड हाउस शैलीशी तिचे विलक्षण साम्य जाणकारांना जाणवले आणि तिची चर्चा झाली. या चर्चेत एक गोष्ट थोडी मागे पडते. टीबी-३०३ हे मुळात बास गिटारच्या जागी वापरण्यासाठी केलेले यंत्र होते, पण त्यातील स्वरावरून स्वरावर घसरण्याच्या सोयीमुळे रागाची चलने त्यावर निघू शकली. यंत्र साधे होते, परंतु दोन स्वरांमधली वाट त्याने बंद केलेली नव्हती.

एका पेटीत वाद्यवृंद

यानंतरची वाटचाल मात्र वेगळ्या दिशेने झाली. १९७९ साली ऑस्ट्रेलियात फेअरलाइट या यंत्राने प्रत्यक्ष वाद्याचा ध्वनी अंकरूपात साठवून तो कळांवर वाजविण्याची सोय केली, पण त्याची किंमत सामान्य स्टुडिओच्या आवाक्याबाहेर होती. १९८३ साली दोन घटना घडल्या. निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी जोडणारी मिडी ही सामाईक भाषा प्रचारात आली आणि यामाहाचा डीएक्स-७ बाजारात आला. डीएक्स-७ हे स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन चाउनिंग यांच्या १९६७ सालच्या शोधावर आधारलेले होते. एका लहरीने दुसरीची कंपनसंख्या हलवीत नेली की गुंतागुंतीचा ध्वनी तयार होतो, हे त्याचे तत्त्व. १९८८ साली कॉर्ग कंपनीच्या एम-१ या वाद्याने या सर्व धारा एकत्र आणल्या. नमुनाध्वनी, परिणामयोजना, तालवाद्ये आणि आठ पदरांची स्वरनोंद करणारा सिक्वेन्सर हे सारे एकाच ६१ कळांच्या पेटीत आले. 'वर्कस्टेशन' हा शब्द रूढ झाला तो याच वाद्यामुळे. एम-१चे सुमारे अडीच लाख नग विकले गेले असे मानले जाते.

एम-१च्या ध्वनिगुणाचे रहस्य त्याच्या मर्यादेत आहे. त्याची ध्वनिस्मृती ४ मेगाबाइट होती. आजच्या सीडीच्या दर्जाने, म्हणजे सेकंदाला ४४,१०० वेळा, १६ बिटांत आणि एकाच वाहिनीवर ध्वनी साठवावयाचा म्हटला, तर एवढ्या जागेत जेमतेम ४७ सेकंद मावतात. पियानो, ऑर्गन, तंतुवाद्ये, पितळी वाद्ये, गायकांचा समूह, घंटा आणि ढोल हे सर्व मिळून पाऊण मिनिट ! हे शक्य करण्यासाठी प्रत्येक वाद्याचा आरंभीचा आघात तेवढा खरा ठेवला जाई आणि पुढचा लांबलेला स्वर म्हणजे लहरीचा एक छोटा तुकडा गोल फिरवत ठेवलेला असे. मानवी कान वाद्य ओळखतो ते प्रामुख्याने आघातावरून, त्यामुळे फसवणूक खपून जाई. एका वेळी १६ स्वर वाजत, आणि दोन ध्वनी एकावर एक रचले तर ते आठच उरत. मग अंगभूत घुमाऱ्याचा मुलामा देऊन सारे भरदार केले जाई. एम-१चा पियानो खऱ्या पियानोसारखा वाजत नाही हे सर्वांना ठाऊक होते, तरी तो गर्दीच्या ध्वनिमुद्रणातून स्वच्छ वर येई. पुढे हाच 'खोटा' पियानो स्वतंत्र वाद्य म्हणून मागितला जाऊ लागला.

नंतरच्या पिढ्यांत आकडे वाढत गेले. १९९९ सालच्या कॉर्ग ट्रायटनमध्ये ३२ मेगाबाइट ध्वनिस्मृती आणि ६२ स्वर होते, २००१ साली यामाहाचा मोटिफ आणि रोलँडचा फँटम आला, आणि २०११ सालच्या कॉर्ग क्रोनोसमध्ये तर नऊ वेगवेगळ्या ध्वनिपद्धती आणि स्मृतिचकतीवरून थेट वाचले जाणारे दीर्घ नमुने होते. लूपची बनवाबनवी जवळजवळ संपली. नादाच्या जातीच्या दृष्टीने पाहता ही प्रगती निर्विवाद आहे.

वसईचे कान

वसईचा किल्ला व परिसर १५३४ ते १७३९ या काळात पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. या दोन शतकांत येथील ख्रिस्ती समाजाला चर्चच्या द्वारे युरोपीय स्वरमेळाची ओळख झाली. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना लोकभाषेत आली आणि वसईच्या चर्चमधून मराठी गीते घुमू लागली. १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. गीताचे शब्द मराठी, चाल कधी भजनाच्या वळणाची, पण खाली कॉर्डची बैठक आणि दोन-तीन पदरांत गाणारे गायनमंडळ, अशी ही रचना आहे. लग्नप्रसंगी वाजणाऱ्या ट्रंपेट, सॅक्सोफोन आणि ड्रम यांच्या बँडचे सूरही याच मेळात बसतात. अशा ठिकाणी समविभागी कळफलक हा परका पाहुणा ठरत नाही.

वर्कस्टेशनमधील घंटेच्या ध्वनीकडेही या परिसराच्या संदर्भात पाहण्यासारखे आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतल्यावर येथील चर्चच्या घंटा मराठी मुलखातील देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटेवर १७२१ हे साल कोरलेले आहे. अशा घंटेचे उपस्वर तारेच्या उपस्वरांसारखे सरळ पटीत नसतात. मुख्य नादाच्या खाली एक सप्तक गुंजन, वर कोमल गांधाराच्या आसपास एक नाद, मग पंचम, मग तार षड्ज, अशी तिची घडण असते. म्हणून घंटा कितीही सुरेल असली तरी तिच्या नादात एक उदास छटा राहते. डीएक्स-७ने जे ध्वनी सर्वांत चांगले साधले त्यांत घंटा होती, कारण दोन लहरींचे गुणोत्तर पूर्णांकी न ठेवता असे तिरपे उपस्वर उत्पन्न करणे हा त्या पद्धतीचा हातचा खेळ होता. घंटा एकदा वाजली की तिच्या स्वराला पुढे कोठे जावयाचे नसते, तो विरत जातो. यंत्राला अनुकूल नाद तो हाच.

१९९१ साली ठरविण्यात आलेली जनरल मिडीची यादी या संदर्भात फार बोलकी आहे. कोणत्याही कंपनीच्या वाद्यात एकाच क्रमांकावर एकच वाद्य यावे म्हणून १२८ ध्वनींची ही यादी केली गेली. तिच्यात २० व्या क्रमांकावर चर्चचा ऑर्गन आहे, ५७ व्या क्रमांकावर ट्रंपेट, ६२ व्या क्रमांकावर पितळी वाद्यांचा समूह. भारतीय म्हणावी अशी वाद्ये दोनच आहेत : १०५ वर सतार आणि ११२ वर शहनाई. तबला नाही, तंबोरा नाही, सारंगी नाही, आणि हार्मोनियमच्या नावाने काही नाही. तिच्या जवळचा रीड ऑर्गन २१ व्या क्रमांकावर सापडतो. सारांश, चर्चच्या गायनमंडळाला आणि बँडच्या मास्तरला यंत्र उघडताच आपल्या घरची वाद्ये भेटली. त्याच वस्तीतील भजनी मंडळाला मात्र पखवाज आणि टाळ बाहेरून आणावे लागले, नाहीतर मूळची पेटीच बरी म्हणून यंत्र बाजूला ठेवावे लागले. उणीव स्मृतीच्या आकाराची नव्हती, ती यादी करणाऱ्यांच्या कानांची होती.

दोन स्वरांमधील जागा

ही उणीव पुढे कंपन्यांनी ओळखली. यामाहाने भारतासाठी पीएसआर-आय या नावाची मालिका काढली आणि २०१०च्या दशकात रोलँडच्या एक्सपीएस-१० व एक्सपीएस-३० या सिंथेसायझरांत भारतीय वाद्यांचे ध्वनी आले. ही वाद्ये क्रोनोस किंवा मोटिफ यांच्या तोलाची वर्कस्टेशने नव्हेत, पण ऑर्केस्ट्रात आणि मंडपात प्रत्यक्ष दिसतात ती अशीच वाद्ये. नादाची जाती अशा रीतीने बरीच सुधारली. उंचनीचतेचा प्रश्न मात्र अधिक अवघड निघाला.

सप्तकातील बाराही स्वर सेंटांनी वरखाली करण्याची सोय १९८७ सालच्या डीएक्स-७च्या दुसऱ्या आवृत्तीत होती आणि नंतरच्या पुष्कळ वाद्यांत ती आली. गांधार १४ सेंट उतरविला, धैवत १६ उतरविला, कोमल गांधार १६ चढविला की तंबोऱ्याशी जमते. परंतु गायकाची पट्टी काळी दोन असेल तर सारा तक्ता तेवढ्या अंतराने सरकवावा लागतो, आणि दुसरा गायक पांढरी चारमध्ये गाऊ लागला की तो पुन्हा सरकवावा लागतो. त्यातही एका तक्त्यात एकाच जातीचा कोमल गांधार बसतो. दरबारीचा आंदोलित गांधार हा एका ठिकाणी उभा राहणारा स्वरच नव्हे, त्यामुळे कोणताही तक्ता त्याला धरू शकत नाही. देवल-क्लेमंट्स यांना कळा वाढवून जे साधावयाचे होते आणि अलीकडे ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींच्या हार्मोनियममध्ये ज्याची सोय केली, त्याचाच हा विद्युत् अवतार म्हणावा लागेल. त्याची अडचणही तीच आहे.

मींडेसाठी वर्कस्टेशनच्या डाव्या बाजूस चाक किंवा दांडी असते. मिडीत तिच्या हालचालीचे १६,३८४ टप्पे मोजता येतात, म्हणजे सूक्ष्मतेचा तुटवडा नाही. अडचण अशी की, चाक फिरले की त्या वाहिनीवर वाजणारे सगळे स्वर एकदम सरकतात. षड्ज धरून ठेवून गांधाराची मींड घ्यावयाची म्हटली तर षड्जही घसरतो. शिवाय उजव्या हाताने आघात आणि डाव्या हाताने मींड हे काम सरावाचे आहे, आणि सतारीच्या नमुनाध्वनीत आघाताबरोबर आलेला तारेचा ताण मींडेसोबत बदलत नाही. ध्वनी सतारीचा राहतो, चाल मात्र खेळण्याची होते. चांगले वादक शहनाई किंवा बासरीचा ध्वनी घेऊन, एका वेळी एकच स्वर ठेवून, चाकावर फार सुंदर काम करतात, हेही नमूद केले पाहिजे. तेथे ते यंत्राला पुन्हा मिनीमूगच्या स्थितीत नेतात.

वादक, वीज आणि वजन

ध्वनिगुणाच्या चर्चेत उपजीविकेचा प्रश्न टाळता येत नाही. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत एकेकाळी एका गाण्यासाठी पन्नास-साठ, कधी शंभरापर्यंत वादक बसत. त्यांत गोव्याचे आणि कोकणपट्टीतील ख्रिस्ती वादक मोठ्या संख्येने होते. सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या संयोजकांनी ही परंपरा घडविली. वर्कस्टेशन आणि बहुपदरी ध्वनिमुद्रण आल्यावर, १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत, हे मोठे वाद्यवृंद जवळजवळ संपले. चेन्नईत ए. आर. रहमान यांनी १९९२ सालच्या 'रोजा'पासून दाखवून दिले की थोड्या खोल्यांच्या स्टुडिओत यंत्रांच्या साहाय्याने स्वतंत्र आणि ताजा ध्वनी घडविता येतो. रहमान यांनी यंत्राचा वापर प्रतिभेने केला. इतर अनेकांनी तो व्हायोलिनवादकांचे मानधन वाचविण्यासाठी केला. त्या काळातील असंख्य गीतांत तंतुवाद्यांचे जे गुळगुळीत पार्श्वसंगीत ऐकू येते, त्यात लूप फिरत असते आणि वीस धनुष्यांच्या किंचित बेसूरपणातून येणारी ऊब त्यात नसते.

वसईत याचे परिणाम दुहेरी झाले. लग्नाच्या मंडपात दहाजणांच्या बँडऐवजी एक कळफलकवादक आणि एक गायक एवढ्यावर भागू लागले. रस्त्यावरील मिरवणूक मात्र बँडकडेच राहिली, कारण ट्रंपेटला ना वीज लागते ना ध्वनिक्षेपक, आणि उघड्यावर नारळी-केळीच्या वाडीतून तिचा आवाज दूरवर जातो. नादाचा लहानमोठेपणा, म्हणजे तीन लक्षणांतील पहिले, येथे निर्णायक ठरले. हा निकष माहितीपत्रकात कधी आढळत नाही.

विजेचाही एक इतिहास आहे. २०००च्या दशकात महाराष्ट्रात भारनियमन हा रोजचा अनुभव होता. मूळ ट्रायटनमध्ये सिक्वेन्सरवर नोंदलेले गीत फ्लॉपीवर उतरवून ठेवले नाही तर यंत्र बंद होताच पुसले जाई. सायंकाळच्या तालमीत वीज गेली की दोन तासांचे काम नाहीसे होई, आणि पेटीचा भाता चालूच राहत असे. दमट खाऱ्या हवेत कळांखालच्या संपर्कपट्ट्या खराब होणे, आणि बारा-चौदा किलोचा कळफलक खांद्यावर घेऊन विरार लोकलच्या दारात उभे राहणे, हेही या वाद्याच्या वापराचे घटक आहेत. वर्कस्टेशनची वैशिष्ट्ये जपानमध्ये ठरतात. त्यांपैकी कोणती उपयोगी पडतील, हे चर्चगेट ते विरारच्या प्रवासात ठरते.

२०१८ साली मिडीच्या नियमांत अशी भर पडली की प्रत्येक बोटाखालचा स्वर स्वतंत्रपणे वाकविता यावा, आणि २०२०च्या मिडी २.० मध्ये ती सोय मूळ भाषेतच आली. षड्ज स्थिर ठेवून गांधाराची मींड घेणे आता तत्त्वतः शक्य आहे. मात्र त्यासाठी बोटाच्या आडव्या हालचालीला प्रतिसाद देणारा कळफलक लागतो. चर्चमध्ये, मंडपात आणि भजनात वापरात असलेल्या बहुतेक वाद्यांच्या कळा अजून खालीवर तेवढ्या होतात.